राउटर कुणाकडे वळतो

"मॅडम, तुमच्या व्हिडिओ मीटिंगा अडकतात, पण राउटरमध्ये बिघाड नाही," दुरुस्तीला आलेले बागवान केतकीला म्हणाले. "हे नवं मॉडेल घरातल्यांच्या हालचाली टिपतं. घर ज्या माणसाकडे सारखं वळतं, त्याच्याकडे ते जास्त वेग पाठवतं. तुमच्याकडे तो स्वयंपाकघरातल्या फोनला मिळतोय."

तो फोन बाळाला सांभाळणाऱ्या सुभद्रामावशींच्या कमरेला खोचलेला होता. त्या दहा महिन्यांच्या निहारला पेज भरवत होत्या. केतकीचा नवरा दिवसभर ऑफिसात असायचा आणि ती स्वतः खोलीत बसून घरूनच काम करायची. म्हणजे मावशींकडे वळणारा घरात एकटा निहारच होता.

"पण त्याची आई मी आहे!"

"ते राउटरला कसं कळणार?" बागवान हसले. "रीसेट करतो, पण दोन दिवसांत पुन्हा शिकेल."

ते गेल्यावर केतकी म्हणाली, "मावशी, आठवडाभर सुट्टी घ्या."

"का हो ताई? माझं काही चुकलं का?"

"नाही. मीच रजा टाकतेय," केतकी खोटं बोलली.

तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये स्क्रीनवर तिचा चेहरा पुन्हा गोठला. तिने राउटरच्या ॲपमध्ये घराचा नकाशा उघडला. सगळा वेग घराच्या बंद मुख्य दाराकडे जात होता.

ती बाहेर आली. निहार दाराला हात टेकून बसला होता. लिफ्ट वाजली की तो मान वर करायचा.

"निहार, इकडे बघ ना."

तो वळला नाही.

केतकीने मावशींना परत बोलवायला फोन लावला. रिंग वाजत होती आणि तिला मनापासून वाटत होतं, त्यांनी तो उचलू नये.