दोराचं दुसरं टोक

"परीक्षा रद्द," साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "वरचे तिघेही तुमच्याच समाजाचे निघाले, खिल्लारे. पेपरातच भेदभाव होता, असा कोर्टात अर्ज गेला होता. कोर्टानं मानलं."

अग्निशमन केंद्रातल्या बढतीच्या त्या परीक्षेत फायरमन खिल्लारे पहिला आला होता. मागच्या खेपेपर्यंत वर येणारे सगळे साहेबांच्या समाजाचे असत, आणि तोवर पेपर अगदी निःपक्षपाती होता.

"अर्ज कुणी केला, साहेब?"

साहेबांचं बिस्कीट चहात पडलं. उत्तर शेजारी उभ्या टेंबेनं दिलं. "मी केला. तुझ्याविरुद्ध नाही रे बाबा, तत्त्वासाठी. आपली दोस्ती आहे तशीच आहे."

टेंबे म्हणजे खिल्लारेचा कामावरचा जोडीदार. याच परीक्षेसाठी पंपाच्या दाबाची गणितं खिल्लारेनंच त्याला घरी बसवून शिकवली होती. तेव्हा वहिनींच्या हातची भाकरी खाताना कुठलंच तत्त्व टेंबेला आडवं आलं नव्हतं.

एवढ्यात घंटा झाली. गाडी पोचली तेव्हा गोदाम धुरानं भरलं होतं. आत माणूस अडकला होता. आत जाणारा कमरेला दोर बांधतो आणि दुसरं टोक बाहेरच्या जोडीदाराकडे देतो. धुरात वाट चुकली तर तोच ओढून काढतो. इतकी वर्षं खिल्लारेचं टोक टेंबेकडेच असे. सवयीनं टेंबेनं हात पुढे केला.

खिल्लारेनं दोर गाडीच्या हुकाला बांधला आणि गाठ ओढून पाहिली.

"अरे, मी आहे ना! गाडीवर कसला भरवसा ठेवतोस?"

"गाडीला बढती नकोय," म्हणत खिल्लारे धुरात शिरला.