एकटीची सही

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला डॉ. यशोधन रेगे डिलाईल रोडवरच्या चाळीचे तीन जिने चढून आले, तेव्हा आकांक्षा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. सर घरी कधी आले नव्हते. आणि गेले चार दिवस ती प्रयोगशाळेत गेली नव्हती.

तिच्या आईला, लक्ष्मीला, काय करू नि काय नको असं झालं. आकांक्षाला व्हिएन्नाला नोकरी लागली म्हणून सर अभिनंदनाला आले, असंच तिने धरलं. खुर्ची पुसली, पंखा वाढवला आणि ती पोह्यांच्या मागे लागली. बाकड्यावर बसलेल्या आजोबांनी, लक्ष्मीच्या सासऱ्यांनी, धोंडू परबांनी, नुसते हात जोडले.

"बाहेर बोलू या," रेगे म्हणाले.

दोघं कठड्याशी जाऊन उभी राहिली.

"तुझी मेल वाचली. परवा मी स्वतः पट्टी लावून मोजलं."

"मग?"

"निम्मे गेले."

प्रकाशाच्या कणांवर गणितं करणारा संगणक बनवायचा, हे रेग्यांचं बावीस वर्षांचं काम होतं. त्यासाठी मिट्ट काळोखात प्रकाशाचा एकेक कण मोजावा लागतो. गेल्या वर्षी त्यांनी शोधनिबंधात जो आकडा छापला, तो तोवर कुणालाच गाठता आला नव्हता. पेपरांत फोटो आले, मोठा प्रकल्प मिळाला. आणि गेल्या आठवड्यात आकांक्षाच्या लक्षात आलं, की मोजणीच्या पेटीवरच्या चिमुकल्या हिरव्या दिव्याचा उजेड आत झिरपतोय. तिने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि पुन्हा मोजलं. मोजलेले निम्मे कण त्या दिव्याचेच निघाले.

"शोधनिबंध मागे घ्यावा लागेल, सर."

"हो. उद्या चौकशी समिती बसतेय." रेग्यांनी बॅगेतून एक कागद काढून तिच्या हातात दिला.

इंग्रजीत आठ-दहा ओळी होत्या. मोजणी मी एकटीने केली. दिवा झाकायचा राहिला ही माझी चूक. माझ्या मार्गदर्शकांना याची कल्पना नव्हती. खाली तिचं नाव आणि नावावर कोरी जागा.

तिने दोनदा वाचलं.

"सर, मी विचारलं होतं तुम्हाला. दिवा झाकू का म्हणून."

"विचारलं होतंस. एवढ्याशा दिव्याने काय होतंय, असं मी म्हणालो होतो."

ते नाकारतील असं तिला वाटलं होतं. तिला क्षणभर बरं वाटलं.

"ते प्रयोगाच्या वहीत लिहिलंयस?" रेग्यांनी विचारलं.

"नाही."

रेगे खाली रस्त्याकडे बघत राहिले. ते स्वतः फणसवाडीतल्या चाळीत वाढलेले. दारादारांतून लोक आपल्याकडे बघतायत हे त्यांना न बघताही कळत होतं.

"प्रकल्प गेला तर अकरा जण घरी बसतील. तू अठ्ठावीसची आहेस. एक प्रकरण नव्याने लिहिशील, वर्षभराने डिग्री घेशील. मी त्रेपन्नचा आहे. मला दुसरं काही येत नाही, आकांक्षा."

"आणि व्हिएन्ना?"

"मी लिहीन त्यांना. थांबतील की नाही, सांगता येत नाही."

"नाही केली सही तर?"

"तर तुझ्या थिसिसवर मी कशी करू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट दमल्यासारखा होता.

आतून लक्ष्मीने पोहे झाल्याचं सांगितलं. रेग्यांनी खुर्चीत बसून बशी मांडीवर घेतली आणि नुसतीच धरून ठेवली. आकांक्षाच्या हातातल्या कागदाकडे लक्ष्मीचं लक्ष गेलं.

"नोकरीचा कागद का हो, सर?"

"कामाचाच आहे," रेगे म्हणाले.

आकांक्षाने कागद टेबलावर ठेवला. पेनाचं टोपण काढलं.

"सय कोणाची?" बाकड्यावरून आजोबांनी विचारलं.

"माझी."

"आणि सायबांची?"

"माझी नंतर होईल," रेगे म्हणाले. "ऑफिसात."

आजोबांनी मान हलवली. "आमच्या गिरणीत साच्याखात्यात, मागावर, कापड डॅमेज निघाला, की मुकादम असोच कागद घेऊन येयचो. सूत वायट आसला तरी सय आमची."

"मामा, आज नको ना ते गिरणीचं," लक्ष्मी म्हणाली.

आकांक्षा वर न बघता म्हणाली, "मग तुम्ही काय केलंत?"

"केलंय सय. घरात सात माणसां होती."

पंख्याखाली कागद उडू बघत होता. तिने त्याच्यावर डावा हात ठेवला आणि सही केली. नेहमीपेक्षा तिला जास्त वेळ लागला.

रेगे उठले, पण लक्ष्मीने त्यांच्या आधी कागद उचलला. देव्हाऱ्यापुढे ठेवून, वरच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून तिने तो परत आणून सरांच्या हातात दिला. मग खाली हाक मारून मोठ्या मुलाला, निलेशला, वर बोलावून घेतलं. एवढे मोठे सर घरी आले, एक फोटो तर हवाच.

"आजोबा, तुम्ही पण या," निलेश म्हणाला.

"माका नको." आजोबा उठून गॅलरीत गेले.

निलेशने सरांना आणि आकांक्षाला भिंतीशी उभं केलं, आईला त्यांच्या शेजारी घेतलं. मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"सर, कागद पुढे धरा ना. दिसू दे."

रेग्यांनी कागद छातीशी धरला.

"उलटा धरलाय, सर. छापलेली बाजू इकडे करा."

रेग्यांनी आकांक्षाकडे पाहिलं. ती समोर मोबाइलकडे बघत होती. त्यांनी कागद फिरवला.