दुसऱ्या भागातला मोरू

पडद्यावर शवपेटीचं झाकण हललं आणि तंबूतल्या बायका किंचाळल्या. गुणवंती किंचाळली नाही. तिने सासूचा हात घट्ट धरला. आता मोरू उठणार होता.

रक्तपिशाच्चाच्या बोलपटाचा हा दुसरा भाग. पहिल्यासारखाच. तोच महाल, तीच वटवाघळं, तोच विजांचा कडकडाट. पहिल्या भागात पिशाच्च सगळ्यांत आधी ज्याचं रक्त प्यायलं तो दिवेवाला नोकर म्हणजे गुणवंतीचा नवरा मोरू. पूर्णगडचा खलाशी, मुंबईला गेला आणि सिनेमा कंपनीत शिरला. तेव्हाही रत्नागिरीत असाच तंबू लागला होता. लेकाला मरताना बघून येसूबाईने ऊर बडवून घेतला होता. मग शिमग्याला मोरू हसत घरी आला. "काजळ फासतात गो आये, गळ्याला," म्हणाला.

त्यामुळे पावसाळा सरल्यावर गावचा भिवा मुंबईहून बोटीने आला आणि "मोरू तापाने गेला, आमीच सोनापूरच्या मसणात जाळला," म्हणाला, तेव्हा गुणवंतीने नुसतं ऐकून घेतलं. मासळीची पाटी उचलली आणि बाजारात गेली.

"मागे पन मेले हुते," ती सांगे. "आले नाय काय परत?"

"गेला गो तो," येसूबाई वर्षभर तिला समजावत राहिली. "रड एकदाची."

ती रडली नाही.

परवा बाजारात ढोल वाजवत एकजण ओरडत गेला. दुसऱ्या भागात पिशाच्चाने मारलेले सगळे उठणार! गुणवंती निघाली. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू. तरी 'तुला एकटीला कशी सोडू' म्हणत तीही मागोमाग आली.

पडद्यावर पिशाच्च उठलं. मग त्याने मारलेले एकेक उठू लागले. दिवेवाला उठला. तेच मुंडासं, तोच कंदील, गळ्यावर तोच काळा डाग. त्याने तोंड वळवलं.

भलताच माणूस होता. कंपनीने मोरूच्या जागी दुसरा घेतला होता.

गुणवंतीची मूठ सैल पडली. पण आता येसूबाईनेच तिचं मनगट पकडलं. म्हातारी पडद्याच्या उजेडाकडे मान ताणून बसली होती.

"गुणे," तिने हळूच विचारलं, "आला काय गो माजा मोरू?"

लोक टाळ्या पिटत होते. गुणवंतीने तिला जवळ ओढलं.

"नाय, आत्ये. ते गेले."