मुद्दा नसलेली चिठ्ठी

परिच्छेदाला मुख्य मुद्दा हवा आणि प्रत्येक तपशिलाने त्याला आधार दिला पाहिजे, याबाबत सोल्वेगबाई कुणाचीही गय करीत नसत. गुरुवारी तिसरीच्या वर्गाला सदोष लेखनाचा नमुना दाखवावा म्हणून त्यांनी त्याच सकाळी आपल्या गाडीच्या वायपरखाली सापडलेली, शाळेचा बसचालक अर्विद याची चिठ्ठी नाव गाळून फळ्यावर उतरवली.

‘तुमच्या दारातला बर्फ काढला आहे. गाडीची बॅटरी बदलली आहे. उद्या तापमान उणे तीस आहे, जाड मफलर घाला. चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असते. दूर डुलुथ शहरात नवी नोकरी मिळते आहे. उद्या कळवायचे आहे, नाही म्हणायला काही कारण दिसत नाही.’

“पाहिलंत? तपशील पाच आणि मुद्दा एकही नाही!” बाई विजयी मुद्रेने म्हणाल्या.

“आहे की, बाई!” इफ्रा ताडकन उभी राहिली. “तुम्हीच सांगितलंत ना, मुद्दा कधी कधी लिहिलेला नसतो, तपशिलांवरून ओळखायचा? ज्यांना चिठ्ठी लिहिलीय, ते ह्यांना खूप आवडतात. त्यांनी ‘जाऊ नका’ म्हणावं, म्हणून हे वाट बघताहेत.”

“आणि ज्यांना लिहिली त्यांना एवढंही कळेना!” मागून टॉर्स्टन ओरडला. “त्यांना आपल्या वर्गात बसवा, बाई!”

वर्ग खदखदून हसला. बाई मात्र फळ्याकडे वळून चिठ्ठी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.



शुक्रवारी सकाळी अर्विदला बसच्या वायपरखाली एक चिठ्ठी सापडली. तिच्यात तपशील एकही नव्हता.

‘जाऊ नका.’