करकर

डॉक्टरबाई वॉर्डात शिरल्या हे खिडकीजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला न बघताच कळलं. त्यांचा उजवा बूट करकरत होता.

"एवढ्या शिकलेल्या, पण बूट काही काढून देत नाहीत," तो बायकोला म्हणाला. "पहिल्या दिवसापासून मागतोय. दहा मिनिटांचं काम."

मांडीवरच्या उशीवर हात टेकून तो पुढं वाकून बसला होता. आडवं झालं की छातीत कळ यायची, वाकलं की जरा बरं वाटायचं. आणि वाकलं की दिसायचे लोकांचे पाय. जन्मभर बूट शिवलेल्या माणसाला आणखी काय हवं? नर्सच्या सपाता, भेटायला येणाऱ्यांचे सँडल, सगळ्यांना त्यानं नावं ठेवून झाली होती.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," बायको म्हणाली. "स्वतःच्या छातीचं बघा आधी."

छातीचाच तर आज निकाल होता. त्याच्या हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आली होती. त्या पिशवीला दोन पदर असतात आणि मध्ये वंगणापुरतं पाणी. पदर सुजले की एकमेकांवर घासतात. पहिल्या दिवशी छातीला नळी लावून ऐकताना डॉक्टरबाई सहज बोलून गेल्या होत्या, "काका, नवा बूट करकरतो ना, अगदी तसं वाजतंय आत." म्हातारा असा भडकला की विचारू नका. आपल्या दुकानातून करकरणारा जोडा आजवर बाहेर पडलेला नाही, हे त्यानं छाती दुखत असताना पुन्हा पुन्हा ऐकवलं.

काल तो आवाज बंद झाला. "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणून म्हातारा हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली, ओठ निळे पडले. पिशवीत पाणी भरलं होतं. पदर लांब गेले म्हणून करकर थांबली होती, आणि त्या पाण्यानं हृदय चहूकडून आवळलं होतं. डॉक्टरबाईंनी धावत येऊन सुईनं पाणी काढलं तेव्हा कुठं श्वास परत आला. पुन्हा पाणी भरलं तर छाती उघडायची, असं ठरलं होतं. या वयात ते झेपेल का, हे बायकोनं विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच झाली नव्हती.

"वाका काका. श्वास सोडा आणि तसेच थांबा."

डॉक्टरबाईंनी नळी छातीवर टेकवली. मग जरा खाली सरकवली. म्हातारा एरवी त्यांच्या बुटांकडे बघायचा, आज तोंडाकडे बघत राहिला. बायकोनं खाटेची दांडी घट्ट धरली होती.

"करकरतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अगंबाई, परत?" बायको मटकन स्टुलावर बसली.

"परत! चांगलं झालं काकू. पदर पुन्हा एकमेकांना टेकले, म्हणजे मध्ये पाणी नाही. सकाळी मशीनमध्येही तसंच दिसलं, पण मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. आता छाती उघडायला नको. सूज गोळ्यांनी उतरेल, मग हा आवाजही जाईल."

बायकोचा जीव भांड्यात पडला. कालपासून अडवून धरलेलं रडं एकदम बाहेर आलं आणि तिला ते आवरेना.

डॉक्टरबाईंनी नळीची टोकं म्हाताऱ्याच्या कानांत घातली. तो बराच वेळ ऐकत राहिला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आल्यासारखं त्याचं तोंड झालं.

"हा जोडा मी दारातूनच परत पाठवला असता."

"परत घेत नाहीत तो," बायको डोळे पुसत म्हणाली. "आहे तोच वापरा." मग तिनं डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धरले. "बाई, यांच्या अंगाच्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले ना, तरी उपकार फिटायचे नाहीत."

"माझ्या कातड्याचे?" म्हातारा म्हणाला. "या वयात? चार पावलं टिकायचे नाहीत."

डॉक्टरबाई मोठ्यानं हसल्या. उजवा बूट काढून त्यांनी खाटेवर ठेवला. "मग हाच दुरुस्त करा. घ्या, आज वेळ आहे मला."

म्हाताऱ्यानं बूट उलटा केला, अंगठ्यानं तळ दाबला. करकरला. तळाचे दोन थर कोरडे पडून घासत होते. मध्ये चिमूटभर पावडर आणि दोन टाके, की संपलं. त्यानं बूट सुलटा केला, चादरीच्या कोपऱ्यानं त्याच्या टोकावरची धूळ पुसली, आणि वाकून त्यांच्या पायापुढं नीट सरळ ठेवला.

"घाला."

"काय झालं? नाही जमत?"

"मला?" म्हातारा तडकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "असू द्या."

डॉक्टरबाई करकरत पुढच्या खाटेकडे गेल्या.

"काय हो हे?" बायको कुजबुजली. "त्या पोरीनं तुमचा जीव वाचवला. तेवढं एक काम नाही केलंत?"

"काल मला दिसायचं बंद झालं होतं," म्हातारा म्हणाला. "तू नाही दिसलीस, दिवा नाही, काही नाही. तेवढ्यात लांबून करकर पळत येताना ऐकू आली. म्हटलं, आली."

त्यानं वॉर्डभरच्या खाटांवरून नजर फिरवली.

"यांनाही कळायला हवं ना, आली म्हणून."