समुद्राची जागा

राजम्याने भरलेला मोजा हवेतून भिरभिरत गेला आणि जमिनीवरच्या अमेरिकेच्या नकाशात पूर्व किनाऱ्याच्या मधोमध पडला.

"सॅक्रॅमेंटो," नेल ठामपणे म्हणाली.

"वा! कॅलिफोर्नियाची संत्री नेऊन टाकलीस थेट दुसऱ्या समुद्राच्या काठी," एव्हरेट हसला. "राजधानी बरोबर, राज्य चुकलं. परत टाक."

बैठकीतले सामान भिंतीकडे सरकवून त्याने जमिनीवर रंगाऱ्यांचे पारदर्शक प्लास्टिक अंथरले होते. कुंपणाच्या आणि दारांच्या उरलेल्या रंगांनी त्यावर सारी राज्ये रंगवली होती. अलास्काला जागा पुरली नाही म्हणून ते सोफ्याखाली गेले होते. सात वर्षांच्या मुलीसाठी त्याला याहून बरा खेळ सुचला नव्हता. सोमवारी पुन्हा परीक्षा होती. मागच्या वेळी तिने राजधान्या अचूक लिहिल्या, पण पूर्वेच्या पश्चिमेला आणि पश्चिमेच्या पूर्वेला. वर्ग हसला होता. तेव्हापासून शाळेचे नाव काढले की तिचे पोट दुखू लागे.

"आता मेनची राजधानी, ऑगस्टा," तो म्हणाला.

मोजा ईशान्येऐवजी वायव्येला, वॉशिंग्टन राज्याच्या कोपऱ्यात पडला.

"डॅडी, तुझाच नकाशा उलटा आहे."

"हो का? मग सगळ्या देशाला कळवायला हवं."

नेल हसली नाही. तिने टॅलाहासी म्हणत मोजा टाकला, मग सेलम म्हणत टाकला. एव्हरेटचे हसू हळूहळू ओसरले. तिचा नेम चुकत नव्हता. प्रत्येक राज्य जिथे असायला हवे त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, त्याच उंचीवर, ती मोजा टाकत होती.

"हे तू कुठे शिकलीस, नेल?"

"टबात. मम्मीने शिकवलं."

त्याला न्हाणीघरातला टबाभोवतीचा पडदा आठवला. पारदर्शक, त्यावर देशाचा नकाशा छापलेला. रोज दात घासताना त्याने तो बाहेरून पाहिला होता. त्याची बायको रोझलिन हिला पुरून आल्यावर महिनाभरात पडद्याला बुरशी धरली, तेव्हा त्यानेच तो काढून कचऱ्यात टाकला होता.

"म्हणजे तू आतून बघायचीस."

"मी आत, मम्मी बाहेर स्टुलावर. ती राज्यावर बोट टेकवायची. मी आतून तिच्या बोटाला बोट लावायचे आणि राजधानी सांगायचे."

"अक्षरं उलटी दिसायची नाहीत?"

"दिसायची. मी वाचायचेच नाही ती. मम्मी सांगायची ना."

एव्हरेटने प्लास्टिक उचलले, स्वयंपाकघराच्या रुंद दाराच्या चौकटीला वरून चिकटपट्टीने लावले आणि तो रंगवलेल्या बाजूला उभा राहिला. नेल पलीकडे राहिली.

"आता इकडे ये. माझ्या बाजूने बघितलंस की सगळं सुलट दिसेल. शाळेतला नकाशा असाच असतो."

नेल जागची हलली नाही.

"ये ना. सोमवारी कोणी हसायला नको."

"ती मम्मीची बाजू आहे," ती म्हणाली.

मग त्याने मॅसॅच्युसेट्सवर बोट टेकवले. पलीकडून एक इवलेसे बोट येऊन त्याला भिडले.

"बोस्टन. डॅडी, खाली बस. मम्मी बसायची."

तो जमिनीवर बसला.

"तू पडदा पूर्ण ओढून घ्यायचीस?" त्याने विचारले. काहीतरी विचारायचे म्हणून.

"आधी नाही. तिचे केस गेल्यावर तिने सांगितलं, पडदा लाव, मगच खेळायचं. तिला वाटायचं, मला ती दिसत नाही."

"आणि दिसायची?"

"समुद्राच्या जागी काहीच छापलेलं नव्हतं ना. तिथून दिसायची. ती डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवायची. मग कधी कधी रडायची. आवाज न करता."

बाहेर शेजाऱ्याचे गवत कापायचे यंत्र सुरू होऊन बंद पडले.

"तू तिला कधी काही बोलली नाहीस?"

"नाही. मी आयोवाकडे बघायचे." ती थोडी थांबली आणि लहान मुलाला समजवावे तशी म्हणाली, "आपल्या आयोवाला समुद्र नाही ना, डॅडी. तिथून पलीकडचं काही दिसत नाही."

त्याला पुढच्या राज्याचे नाव घ्यायचे होते. आधी त्याने बाहीने डोळे पुसले. मग नाव न घेताच फ्लोरिडावर बोट ठेवले. पलीकडून लगेच बोट आले.

"टॅलाहासी," नेल म्हणाली.

समुद्राच्या जागी रंग न दिलेल्या प्लास्टिकमधून त्याने तिच्याकडे पाहिले. तिचे बोट फ्लोरिडावर होते. डोळे मात्र तिने आयोवावर रोखून धरले होते.