पाण्यातला नवरा

“तळं आटू देऊ नकोस हो सूनबाई. झाडाला एकटं पडू द्यायचं नाही.”

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी पहाटे ओकबुनच्या कानात हाच आवाज यायचा. ती उठायची, तोंड धुवायची, विहिरीवरून घागर डोक्यावर आणायची आणि कुणाशी अक्षर न बोलता अंगणातल्या गिंकोच्या झाडाखाली असलेल्या तळ्यात ओतायची. आजारपणातही हा नेम चुकला नव्हता. तिने शब्दच दिला होता तसा.

गिंकोला समोर जोडीदार दिसल्याशिवाय फळ धरत नाही, हे त्या डोंगरात पोरासोरांनाही ठाऊक. अंगणातलं झाड मादी. गावात नर झाड नव्हतं. म्हणून झाड फळायच्या वयात आलं, त्या वर्षी सासूबाईंनी तळं खणून घेतलं आणि पाणी घालायचं काम धाकट्या सुनेच्याच हाती दिलं. झाड पाण्यात वाकून बघायचं, आपल्याच प्रतिबिंबाशी लग्न लावायचं आणि शरदात पिवळ्या पानांआड लगडून जायचं. पितरांच्या पूजेला त्याच बिया भाजून मांडायच्या.

“ओकबुनच्या हातचं पाणी फळतं,” गाव म्हणायचं. तिची स्वतःची कूस उजवली नव्हती. पण त्या एका वाक्याच्या आधारावर ती घरात मान वर करून वावरत आली होती.

यंदा तळं काठोकाठ होतं. पानं पिवळी झाली. फळ मात्र एकही नाही.

“होणारच!” थोरली जाऊ मालसुन अंगणात बसून कोबीला मीठ चोळता चोळता म्हणाली. “वांझेच्या हातचं पाणी किती दिवस पचेल? उद्या करवतवाले येताहेत. ह्यांनी सांगून ठेवलंय. निदान जळण तरी होईल.”

ओकबुन घागर पालथी घालून झाडाखाली बसली. एकेक पान अलगद पाण्यावर उतरत होतं. तिला वाटलं, पाण्यातलं झाडही आपल्याकडेच बघतंय. काहीतरी विचारतंय.

दुपारी खिंडीपलीकडच्या मठातली म्हातारी भिक्षुणी भिक्षेला आली. झाड बघून दारातच थबकली.

“अरे देवा! म्हणजे तुझी सासू म्हणायची ते खरंच होतं.”

“काय, माताजी?”

“आमच्या मठामागचा गिंको गं. गेल्या साली, फळं उतरल्यावर तुफान झालं ना, त्यात पडला. नर होता. फळ कधी धरलं नाही म्हणून आम्ही त्याला निकामी म्हणायचो. तुझी सासू मात्र दर वसंतात येऊन त्याच्या पाया पडायची. म्हणायची, ‘माताजी, हे आमच्या झाडाचे यजमान. ह्यांचा पराग वाऱ्यावर बसून खिंड ओलांडतो, तेव्हा आमच्याकडे पाळणा हलतो.’”

मालसुनचे हात मिठातच राहिले. “मग म्हातारीने तळं कशाला खणलं?”

“मीही विचारलं होतं. हसली. म्हणाली, ‘झाडाला तळं कशाला हवंय? तळं माझ्या धाकटीला हवंय. लोकांची तोंडं बंद नकोत का व्हायला?’”

मालसुन हात पुसत उठली. “करवतवाल्यांना नका येऊ म्हणून सांगते,” ती तळ्याकडे न बघता पुटपुटली.

“बुंधा जिवंत आहे आमचा,” भिक्षुणी म्हणाली. “मुळापासून फुटवे आलेत. एखादा ने. फुलायला मात्र वीसेक वर्षं लागतील हं.”

“वीस वर्षं!” मालसुन दारातूनच वळली. “तोवर तू असशील का गं?”

“झाड असेल ना, जाऊबाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ओकबुनने नेहमीसारखी घागर आणली आणि तळ्यात ओतली. आज ती सासूबाईंसाठी होती. मग कुदळ खांद्यावर टाकून ती खिंडीच्या वाटेला लागली.